खोली कोणी आवरली?

“सुनू, ह्यो माणूस माझी पिशवी सोडंना बघ!” आत्या मोठ्यानं म्हणाली, आणि हॉटेल इंद्रनीलच्या पोर्चमधली चार माणसं वळून बघायला लागली.

पिशवीचा एक बंद आत्याच्या हातात होता, दुसरा फेटेवाल्या दरवानाच्या. तो अदबीनं ओढत होता, ती जोरात. “असू द्या हो मामा, हलकी हाय. दोन पातळं नि चिवडा, दुसरं काय न्हाई आत.”

मला हसू आलं नाही. माझं लक्ष मनगटावरच्या घड्याळाकडे होतं. गाडी थांबल्यापासून दार उघडेपर्यंत अकरा सेकंद, ठीक होतं. पण ‘सामान एका मिनिटाच्या आत उचलले का?’ या प्रश्नापुढे आता काय लिहायचं? सामान उचलायला माणूस आला होता, पाहुणाच सोडत नव्हता. असल्या उत्तराला तक्त्यात रकाना नव्हता.

“आत्या, सोड ती पिशवी,” मी दातओठ खात पुटपुटले.

या गोष्टीला आता एकवीस वर्षं झाली. मी तेव्हा पुण्याच्या एका कंपनीत उमेदवारी करत होते. जी हॉटेलं स्वतःला आलिशान म्हणवून घेत, ती आमच्या कंपनीकडे ‘सुवर्णपान’ नावाचा शिक्का मागत. मग आमच्यातलं कोणीतरी साध्या गिऱ्हाइकासारखं तिथं जाऊन दोन दिवस राही, आणि जाहिरातीत लिहिलेलं सगळं खरोखरच मिळतं का ते बघे. दोनशे चौदा प्रश्नांचा तक्ता असे. चहा किती मिनिटांत आला, नळाचं पाणी किती गरम, फोन कितव्या रिंगला उचलला. सहा महिन्यांच्या उमेदवारीतलं हे माझं शेवटचं काम होतं. कायमची जागा एकच आणि उमेदवार आम्ही दोघं. आमचे रणदिवे सर मितभाषी होते, पण एक वाक्य रोज ऐकवत, “ज्याला काही सापडत नाही, त्यानं नीट बघितलेलं नसतं.”

एकट्या बाईनं डोंगरावरच्या हॉटेलात येऊन राहिलं की नोकरांना संशय येतो, म्हणून सोबत कोणीतरी न्यायचं असे. त्याचेही नियम होते. सोबतीला तपासणीचा पत्ता लागता कामा नये, आणि तिनं कशात हात घालता कामा नये. घातला तर तपासणी रद्द, आणि तपासनिसाला घरचा रस्ता.

मी वेणूआत्याला नेलं. मी तीन वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून या आत्यानंच मला वाढवलं. लग्न केलं नाही. साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं आया म्हणून राबली, मेलेल्या-जगलेल्यांची अंथरुणं बदलली, आणि चार वर्षांपूर्वी निवृत्त झाली होती. हॉटेलात ती जन्मात कधी झोपली नव्हती. एकदा तरी तिला कोणीतरी सगळं आयतं हातात द्यावं, असं मला फार वाटायचं. “ऑफिसनं बक्षीस दिलंय दोन दिवसांचं,” असं मी तिला सांगितलं होतं. तिनं ते शेजारच्या सगळ्या घरांत सांगितलं.

खोली दुसऱ्या मजल्यावर होती. दोनशे सात. खिडकीतून खाली धरणाचं पाणी दिसत होतं. आत्यानं ते उभ्या उभ्या बघितलं, “छान हाय,” म्हणाली आणि लगेच पलंगावरची गादी दाबून बघायला लागली. उशाशी एक जाड कार्ड होतं.

“ह्ये काय गं? जेवायचं कार्ड इथं कशाला?”

“उशांचं आहे. सात प्रकारच्या उशा आहेत. पाहिजे ती सांगायची, आणून देतात.”

“उशीत बी निवड?” आत्या खुर्चीवर बसली ती लगेच उठली. “आमच्या वार्डात एका उशीवर दोन बाळंतिणी असायच्या.”

मी फोन उचलून सातव्या प्रकारची उशी मागवली. तिसऱ्या रिंगला उचलला, एक गुण गेला. उशी नऊ मिनिटांत आली, पण कार्डावर लिहिलेल्या गव्हाच्या कोंड्याऐवजी आत साधा कापूस होता. मी न्हाणीघरात जाऊन दार लावलं आणि वहीत टिपलं. नळाखाली थर्मामीटर धरला. पंख्याचा आवाज मोजला. टॉवेलाचं वजन करायचा छोटा काटाही माझ्या पर्समध्ये होता. दर अर्ध्या तासानं मी आत जात होते नि वही लिहून बाहेर येत होते.

चौथ्या खेपेला आत्या दाराशीच उभी होती. “सुनू, पोट बिघडलंय का गं? सारखी आत जातीस.”

“नाही गं.”

“ओवा दिऊ?”

“आत्या, तू बस ना जरा! बाल्कनीत बस, चहा मागव, मजा कर. त्यासाठीच आणलंय तुला.”

“बसते की,” ती म्हणाली. बसली. दोन मिनिटांनी बघते तर ती चहाचा ट्रे पदराच्या टोकानं पुसत होती. ती बसली की माझा जीव भांड्यात पडायचा आणि उठली की पुन्हा टांगणीला लागायचा. खरं तर दोघींपैकी एकीलाही त्या मऊ खुर्च्यांत बसता येत नव्हतं. तिला सवय नव्हती, आणि मला फुरसत नव्हती. धरणाचं पाणी दोन दिवसांत मी किती वेळ पाहिलं असेल? एकदा. तेही खिडकीच्या काचेवर डाग आहेत का ते बघताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीची खरी परीक्षा होती. आमच्याकडे तिला ‘तीन खुणा’ म्हणत. पाहुण्यानं खोलीत तीन बारीक गोष्टी टाकून ठेवायच्या आणि सफाईच्या वेळी बाहेर निघून जायचं. परत आल्यावर एखादी खूण तशीच असेल तर नुसता शेरा. तिन्ही तशाच असतील तर खोली नापास, आणि खोली नापास झाली की बाकीचे सगळे गुण पाण्यात. सुवर्णपान नाही. मी पलंगाखाली लाल दोरा टाकला. सोफ्याच्या गादीखाली टाचणी सरकवली. आणि कपाळावरची टिकली काढून न्हाणीघरातल्या आरशाच्या खालच्या कोपऱ्यात चिकटवली. ही तिसरी खूण माझी स्वतःची, आणि मला तिचा अभिमान होता. बायका आरशाला टिकली लावतातच, कोणाला संशय येणार?

“चल, बागेत बसू,” मी आत्याला म्हणाले. तिला खाली वेताच्या खुर्चीवर बसवलं, हातात मासिक दिलं आणि “मी आले तासाभरात, उठू नकोस,” असं बजावून तलावाकडे पळाले. पोहण्याच्या तलावाची खोली मोजायची होती, मालिशच्या खोलीतल्या तेलाच्या बाटल्यांवरच्या तारखा बघायच्या होत्या, जिना झाडला होता का ते पाहायचं होतं. तासाचे दोन तास झाले.

परत आले तर आत्या वेताच्या खुर्चीवरच होती, मासिक उलटं धरून.

“चाळशी वर राहिली,” ती म्हणाली. “आणायला गेले हुते मगाशी.”

मी ऐकलं आणि वर धावले.

पलंग पाहून मी थबकले. चादर अशी ताणून बसवली होती की वर पैसा टाकला असता तर उडाला असता. चारही कोपरे घडी मारून आत खोचलेले, एकही सुरकुती नाही. सहा महिन्यांत मी असा पलंग कुठल्या हॉटेलात पाहिला नव्हता. दहापैकी दहा दिले. मग गुडघे टेकून खाली बघितलं. लाल दोरा होता. सोफ्याची गादी उचलली. टाचणी होती. न्हाणीघरात आरसा लख्ख पुसलेला, पाण्याचा एक ठिपका नाही, आणि खालच्या कोपऱ्यात माझी टिकली तशीच. तिच्याभोवती कपडा गोल फिरवून नेलेला दिसत होता.

शून्य, शून्य, शून्य.

माझं काळीज जोरजोरात उडायला लागलं. भीतीनं नव्हे, आनंदानं. एवढ्या मोठ्या, एवढ्या जाहिराती करणाऱ्या हॉटेलाची खोली मी नापास केली होती. रणदिवे सर काय म्हणतील, ते मला ऐकू येत होतं. मी टिकली काढून कपाळाला लावली आणि खाली मॅनेजरच्या केबिनकडे निघाले. निघण्यापूर्वी स्वतःची ओळख सांगून मॅनेजरला निकाल ऐकवायचा, अशी आमची पद्धत होती. आत्याला मी म्हणाले, “जरा बिलाचं बघून येते.” ती केबिनबाहेरच्या बाकावर बसली.

मॅनेजरचं नाव कोठावळे. पन्नाशीचे, सौम्य गृहस्थ. माझं ओळखपत्र बघितल्यावर त्यांचा चेहरा पडला, पण आवाज चढला नाही. ते एकेक पान वाचत गेले. तीन शून्यांपाशी थांबले. मग त्यांनी रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं आणि फोनवर म्हणाले, “रंजना उतेकरला पाठवा.”

चाळिशीची एक बाई आली. निळी साडी, छातीवर नावाचा बिल्ला. डावा पाय ओढत चालत होती. मला पाहिल्यावर तिनं नजर खाली वळवली.

“दोनशे सात तू केलीस?”

“व्हय साहेब.”

“पलंगाखाली हात घातलास?”

“न्हाई साहेब.”

“आरसा?”

“पुसला साहेब.” मग बिल्ला चाचपत, “चुकलं आसंल माझं.”

“पंधरा वर्षांत तुझी एक तक्रार नाही, रंजना. आज नेमकं काय झालं?” कोठावळे हताश होऊन म्हणाले. “या एका खोलीपायी सगळं हॉटेल नापास होतंय. मालक मला विचारतील, आणि मला कोणाचं तरी नाव सांगावं लागेल. कळतंय का तुला?”

तिनं मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तेवढ्यात दार ढकलून आत्या आत आली.

“तिला कशाला बोलताय?” आत्या म्हणाली. “ती खोली मी आवरली.”

आत्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. ती सरळ कोठावळ्यांशी बोलत होती, दवाखान्यात डॉक्टरांशी बोलायची तशी. “चाळशी आणाय वर गेले. ही बाई बादली घिऊन दारात. पाय बघा तिचा, गुडघ्यापातूर सुजलाय. ह्या पायावर ती दिवसाच्या चौदा खोल्या करतीया. म्या म्हटलं, बस तू खुर्चीवर, पाय वर घे. ती नको नको म्हणत हुती. म्या जबरदस्तीनं बसवली. चादर मी घातली, आरसा मी पुसला. खाली वाकाय मला हुईना, म्हणून खाटंखाली न्हाई बघितलं. आन् ती टिकली आमच्या सुनूची. दुसऱ्या बाईचं कुंकू पुसून कसं टाकायचं? म्हणून ठिवली. आता सांगा, तिचा काय दोष?”

“मीच केली साहेब,” रंजना घाईघाईनं म्हणाली. पाहुण्यांच्या खुर्चीवर बसणं हा तिथं मोठा गुन्हा होता, हे तिला ठाऊक होतं आणि आत्याला नव्हतं.

पण कोठावळ्यांच्या तोंडावर रंग परतला होता. ते माझ्याकडे वळले. “मॅडम, तसं असेल तर खोली आमच्या माणसानं केलीच नाही. मग ही तीन शून्यं धरता येणार नाहीत. तुम्ही पुन्हा तपासणी करा, कधीही करा. आणि रंजना, तू बसलीस ते मी विसरलो, जा.” मग पुढे म्हणाले, “फक्त एवढं सांगा मॅडम. या म्हणतात ते खरं आहे ना?”

एक ‘हो’ पुरेसा होता. त्या ‘हो’नं रंजनाची नोकरी राहिली असती, माझी गेली असती. सोबतीनं तपासणीत हात घातला होता, आणि सोबत मी आणली होती.

आणि खरं काय ते मला माहीत होतं. आत्या आत येण्याच्या आधीपासून माहीत होतं. पलंग पाहिला तेव्हाच. ते कोपरे मी ओळखले होते. तसल्याच कोपऱ्यांच्या अंथरुणावर मी अठरा वर्षं झोपले होते. वर धावत जाऊन गुडघे टेकून दोरा शोधताना, शून्यावर शून्य लिहिताना, मनातल्या मनात मी ते बाजूला सारत होते, इतकंच.

“नाही,” मी म्हणाले. “आत्याचं वय झालंय. हल्ली तिचा गोंधळ होतो. आज काय केलं आणि घरी काय केलं, याची सरमिसळ होते तिची. कोणाची कीव आली की असं काहीतरी बोलते.”

माझा आवाज अगदी शांत होता. अजून ऐकू येतो तो मला.

आत्या माझ्याकडे बघत राहिली. तिची नजर माझ्या तोंडावरून त्या टेबलावरच्या ओळखपत्राकडे गेली, फोटोकडे, मग तक्त्याकडे. दोन दिवस मी सारखी आत का जात होते, ते तिला तिथं कळलं असावं. त्रेसष्ट वर्षांची होती ती. वार्डातल्या साठ पेशंटांची औषधं कागदाशिवाय सांगायची. तिला काय म्हणायचं ते तिनं म्हटलं असतं तर मी वाचले असते, असं मला आता वाटतं.

“असंल बाबा,” ती कोठावळ्यांना म्हणाली. “वय झालं माझं. काय तरी बोलून जाते.”

कोठावळ्यांनी बराच वेळ तक्त्यावर हात ठेवला, मग पान उलटलं. रंजनानं छातीवरचा बिल्ला काढला, टेबलाच्या कडेला ठेवला आणि पाय ओढत बाहेर गेली. जाताना ती आत्याला वाकून नमस्कार करायला थांबली, आत्यानं तिला खांद्याला धरून वर उठवलं. माझ्याकडे दोघींपैकी कोणीच पाहिलं नाही.

गाडीत आत्या रागावली नाही. मी वाट बघत होते. घाट उतरताना ती म्हणाली, “वाईला थांबूया का गं? तुला तिथली भजी आवडतात.” आम्ही थांबलो. मी भजी खाल्ली. आत्यानं फक्त पाणी घेतलं.

महिन्याभरानं मी कायम झाले. रणदिवे सरांनी माझा अहवाल नव्या लोकांना नमुना म्हणून दाखवला. इंद्रनीलला तीन वर्षांनी सुवर्णपान मिळालं. रंजना उतेकर तिथून कुठं गेली, ते मी कधी विचारलं नाही. विचारायला फोन उचलला, असं तीनदा-चारदा झालं.

त्यानंतर आत्या माझ्याकडे येत राहिली. दर दिवाळीला, माझ्या दोन्ही बाळंतपणांत, मुलीच्या वाढदिवसाला. आली की दिवाणखान्यातल्या खुर्चीवर बसायची. बसूनच राहायची. जिला कधी दोन मिनिटं बसता येत नव्हतं, ती हात मांडीवर ठेवून तासन् तास बसायची. स्वयंपाकघरात पाऊल टाकायची नाही. कपडे वाळत पडलेले असायचे, पलंगावरची चादर विस्कटलेली असायची, तिचा हात पुढे यायचा नाही. माझा नवरा म्हणायचा, आत्या किती निवांत झाल्या. एकदा मीच म्हटलं, “आत्या, बाळाची दुपटी तेवढी घडी करतेस का?”

“नको गं बाई,” ती हसून म्हणाली. “माझा गोंधळ हुतो आता.”

ती चिडून म्हणत होती, की माझं खोटं खरं करून दाखवायचं तिनं मनावर घेतलं होतं, हे मला त्या हसण्यावरून कधी उमगलं नाही. साताऱ्याला मात्र ती शेवटपर्यंत चार घरची अंथरुणं-पांघरुणं करून द्यायची, शेजारणी सांगायच्या.

अकरा वर्षांनी, एका दुपारी, मला राहवलं नाही. घरात आम्ही दोघीच होतो. मी तिच्या पायाशी जमिनीवर बसले आणि म्हणाले, “आत्या, त्या दिवशी मी खोटं बोलले. तू खरं सांगत होतीस. मला तेव्हाच माहीत होतं.”

“कुठल्या दिवशी?”

“हॉटेलात. ती बाई, रंजना...”

“मला न्हाई आठवत गं,” आत्या म्हणाली. तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसत होतं की तिला सगळं आठवतंय. रंजनाच्या पायाची सूजसुद्धा.

मी रडायला लागले. लहानपणी मी रडले की ती पदरानं माझं नाक पुसायची, हसायची, पाठीत एक धपाटा घालायची. मी त्या धपाट्याची वाट बघत तशीच बसून राहिले. ती हात मांडीवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत होती.

शेवटी मी उठले, तोंड धुतलं आणि चहा करून आणला. तिनं कप दोन्ही हातांनी घेतला आणि अदबीनं, जरा मान लववून, आमच्या घरात आजवर कोणी कोणाला म्हटलं नव्हतं ते म्हणाली.

“थँक यू.”